दोनशे चौदा, हजर

१२ जानेवारी

प्रिय सूनबाई,

अनेक आशीर्वाद. पूर्वी मी तुला 'चि. सौ.' लिहीत असे. त्यातलं 'सौ.' कोर्टाने काढून घेतलं, आणि उरलेल्याचं काय करायचं याबद्दल निकालपत्रात एक ओळ नाही. म्हणून नुसतं 'सूनबाई'. तुझं आणि माझ्या मुलाचं नातं संपलं हे मला मान्य आहे. पण माझं-तुझं संपवण्यासाठी मला कोणी समन्स पाठवलं नव्हतं, तेव्हा ते चालू आहे असं मी धरून चालते. तुला हे पटत नसेल तर पत्र इथेच फाडून टाक. मात्र मग पुढचं वाचायला मिळणार नाही, आणि तू किती चौकस आहेस ते मला ठाऊक आहे.

इकडे सर्व ठीक. गेल्या वर्षी घर आवरलं आणि मी ज्येष्ठांच्या एका निवासात राहायला आले. इमारत नवीकोरी, सगळा कारभार स्वयंचलित. दिवे आपोआप लागतात, पडदे आपोआप सरकतात, खोलीची ऊब आपोआप राखली जाते. आपण फक्त म्हातारं व्हायचं. तेही आपोआपच होतं.

आता काम सांगते. माझ्या खोलीच्या भिंतीवर (खोली नंबर दोनशे चौदा) पोस्टकार्डाएवढं एक पॅनल आहे. त्यावर मी बावीस अंश लावते. कधी दिवसभर बावीस राहतं. कधी मी शब्दकोडं सोडवत असताना हीटर गप्प होतो आणि पॅनलवर सतरा दिसतं. मी पुन्हा बावीस लावते. मनात आलं तर ऐकतो, नाहीतर नाही. परवा मी स्वेटरवर शाल, शालीवर रजई अशी खुर्चीत बसले होते. चहा घेऊन आलेली बाई दारातूनच परत फिरली. तिला वाटलं, धुवायच्या कपड्यांचं गाठोडं ठेवलंय.

मी तक्रार केली. इथल्या व्यवस्थापकांना आम्ही 'बघूया' म्हणतो, कारण त्यांच्या तोंडून दुसरा शब्द क्वचितच बाहेर पडतो. त्यांनी मला तळघरात नेऊन मुख्य संगणकावरची नोंद दाखवली : 'खोली २१४. रहिवाशाने तापमान १७ केले.'

"रहिवासी मी," मी म्हटलं, "आणि मी काही केलेलं नाही."

"मॅडम, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

अगं, उभा जन्म मी न्यायालयात लघुलेखक म्हणून काढला. खोटं न बोलणारे साक्षीदार मी पोत्याने पाहिलेत. बहुतेकांनी फक्त ऐकीव सांगितलेलं असतं. 'रहिवाशाने केले' हा कुणीतरी काढलेला सारांश आहे. कोण, कोणाला, नेमकं काय म्हणालं ते त्यात कुठे आहे? सारांशावर माणसाला दोषी ठरवायची पद्धत मी तरी पाहिली नाही.

आणि तेव्हा तुझी आठवण झाली. एकदा जेवताना तू म्हणाली होतीस, "आई, या इमारतींतली यंत्रं आपसात सारखी बोलत असतात. बिघाड सापडेनासा झाला की मी तारेतलं सगळं बोलणं शब्दशः टिपून घेते आणि मग निवांत वाचत बसते." माझा मुलगा तेव्हा जांभई देत होता. मी नव्हते देत. मनात म्हटलं, ही तर माझ्याच धंद्यातली निघाली.

तर हे टिपण इथे कसं करायचं ते उलट टपाली कळव. घाई काही नाही. पण फेब्रुवारी संपायच्या आत झालं तर बरं. मुलाला विचारलं नाही, तो कामात असतो. आणि फोन करू नकोस. मला हल्ली फोनवर नीट बोलता येत नाही.

तुझी,
सासू (निवृत्त)


२ फेब्रुवारी

चि. सूनबाई,

आशीर्वाद. तारेतलं बोलणं टिपणारी तुझी पेटी पोचली तेव्हाच पोच दिली होती. आज सविस्तर लिहिते, म्हणजे तुला कळेल की ती तारेपर्यंत न्यायला काय काय करावं लागलं.

तू बजावलंस तसं परवानगीशिवाय कशालाही हात लावला नाही. रहिवासी मंडळाची बैठक बोलावली आणि ठराव मांडला. बघूयासाहेब म्हणाले, बाहेरची वस्तू आमच्या जाळ्याला लावणं धोक्याचं असतं, आणि तसंही मॅडम, या वयात तुम्ही कशाला त्रास घेता. मी म्हटलं, "आय बेग युवर पार्डन?" कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला हे वाक्य अशा सुरात शिकवलंय की माफी समोरच्यालाच मागावी लागते. त्यांनी मागितली. मग मी तुझा कागद वाचून दाखवला : पेटी फक्त ऐकते, स्वतः एक शब्द बोलत नाही. असा गुण आपल्या घरात कोणाच्याच अंगी नव्हता, हे मात्र मी बैठकीत सांगितलं नाही. ठराव एकमताने मंजूर झाला.

पहिल्या खेपेला काय गोंधळ झाला तो तुला माहीतच आहे. आमचा वायरमन सगळ्या तारा मिळतात त्या डब्याशी गेला, एक रिकामं भोक दिसलं त्यात पेटी खोचली आणि "झालं मावशी" म्हणून मोकळा झाला. तुझं उत्तर आलं, की अशाने फक्त सगळ्यांना उद्देशून मारलेल्या हाका ऐकू येतात. एकाने दुसऱ्याला खासगीत दिलेला हुकूम ऐकायचा तर आधी डब्यालाच सांगावं लागतं की इथून जाणाऱ्या प्रत्येक निरोपाची एक प्रत पेटीलाही दे. हे मी वायरमनला सांगितलं तर तो म्हणतो, "मावशी, हे तर पाळत ठेवणं झालं." मी म्हटलं, "बाबा, कोर्टात याला कामकाज म्हणतात. चल, लाव." लावलं. सोबतच्या पेन-ड्राइव्हवर जे आहे ते आमच्या भिंतींच्या आतलं सगळं बोलणं. वाचताना कंटाळा आला तर मला दोष देऊ नकोस. मीही तुझ्या वयात खूप कंटाळवाणं बोलणं टिपलंय.

इथली माणसं बरी आहेत. जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर एक निवृत्त जहाजी कप्तान बसतात. त्यांची खोली तळमजल्यावर, दुसऱ्या टोकाला. भर थंडीत अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून येतात आणि खोलीची भट्टी झाली म्हणून गरजतात. सगळे हसतात. मीच एकदा म्हटलं, "कप्तानांचं जहाज अजून विषुववृत्तावरच उभं आहे." टेबल खो खो हसलं. ते हसले नाहीत.

आता तुझा प्रश्न. "आई, फेब्रुवारीच का?" असं तू विचारलंस, आणि खाली रेघ मारलीस. वकिलाची जात तुझी.

तर ऐक. महिना संपला की मला तिसऱ्या मजल्यावर हलवणार आहेत. तिसरा मजला म्हणजे विसराळू लोकांचा. तिथे भिंतीवर पॅनल नाही, दारांना आतून कडी नाही, आणि धडधाकट माणसाशीसुद्धा "आता आपण छान जेवायचं हं" अशा भाषेत बोलतात. बघूयांनी संगणकाची नोंद डॉक्टरांपुढे ठेवली. एकच बाई कधी बावीस करते, कधी सतरा करते आणि मग थंडी वाजते म्हणून तक्रार करते. डॉक्टर म्हणाले, "सुरुवात असू शकते." माझ्या मुलाने संमती दिली. "तुझ्याच भल्यासाठी, आई," म्हणाला. तो वाईट नाही, हे तुला सांगायला नको. तो फक्त छापलेल्या कागदावर विश्वास ठेवतो.

मी गप्प बसले असं समजू नकोस. तुला पहिलं पत्र लिहिण्याआधीच, पुराव्याची वस्तू मोहोरबंद करतात तसं मी ते पॅनल चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद केलं, आणि निम्मी पट्टीवर, निम्मी भिंतीवर येईल अशी सही ठोकली. जेवून आले. सही जागच्या जागी, खोली थंडगार, आणि पट्टीच्या आडून सतरा दिसतंय. मी बघूयांना बोलावलं. त्या दिवशी मुलगा आलेला होता, त्यालाही उभं केलं. त्याने पट्टीवरून बोट फिरवलं आणि अगदी हळू विचारलं, "आई, ही तू नंतर चिकटवलीस का गं?"

मी नाही म्हटलं.

बाकी सर्व क्षेम. तुझ्या कागदावरचं शुद्धलेखन उत्तम आहे.

तुझी,
सासू


१९ फेब्रुवारी

प्रिय सूनबाई,

बस. शक्य असेल तर चहा करून घे आणि मग वाच.

तुझं पत्र मी उभ्या उभ्या वाचलं. भिंतीवरचं पॅनल हुकूम देण्याआधी तारेवर हाक मारतं, 'दोनशे चौदा कोण?', आणि जो 'मी आहे' म्हणेल त्याला हुकूम देतं. बरोबर? आणि तुझ्या टिपणात एका हाकेला दोन ठिकाणांहून उत्तरं आलीत : 'मी आहे', 'मी आहे'. ज्याचं उत्तर मागून येतं त्याच्याकडे हुकूम जातो. मला हसूच फुटलं. आमच्या सिस्टर मान वर न करता हजेरी घ्यायच्या. नंबर पुकारला की गैरहजर मैत्रिणीच्या नावाने दुसरीच कुणीतरी 'प्रेझेंट' ओरडायची, आणि एखाद्या दिवशी ती मैत्रीण धापा टाकत पोचलेली असायची, तीही ओरडायची. एका नंबराला दोन मुली हजर, आणि सिस्टरांच्या वहीत सगळं आलबेल!

तू म्हणालीस तसं आधी कोणाला काही सांगितलं नाही. फक्त सगळ्यांना तळघरात बोलावलं : बघूया, माझा मुलगा, वायरमन, आणि यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीचा तंत्रज्ञ. कप्तान आपणहून आले. भट्टीपेक्षा तळघर बरं, म्हणाले.

तुझ्या कागदाप्रमाणे वायरमनने माझ्या खोलीचा हीटर चालवणाऱ्या, छतातल्या यंत्राची वीज काढली. दोनशे चौदा मेलं, हे प्रत्येकाने वर जाऊन पाहून यावं असा मी आग्रह धरला. पॅनल काळंठिक्कर, हीटर गार. सगळे खाली आले. मग मी तंत्रज्ञाला म्हटलं, "आता हाक मारा."

त्याने मुख्य संगणकावरून हाक मारली. दोनशे चौदा कोण?

पडद्यावर ओळ उमटली. मी आहे.

तंत्रज्ञ म्हणाला, "जुनं उत्तर साठून राहिलं असेल." मी म्हटलं, "मग नवं मागा." त्याने पुन्हा हाक मारली. पुन्हा, मी आहे. वायरमन पुटपुटला, "मावशी, हे भूत आहे."

"भुताला पत्ता नसतो," मी म्हटलं. "याला आहे." आणि तू लिहून दिलेला आकडा वाचून दाखवला. प्रत्येक यंत्राच्या अंगावर कारखान्यातच जो क्रमांक छापून येतो, कोणी बदलू शकत नाही म्हणतेस, तो. उत्तर देणारा त्याच क्रमांकाचा होता. "हे यंत्र कुठे आहे ते सांगा."

तंत्रज्ञाने त्याच्या कागदांत शोधलं, आणि बघता बघता त्याचे कान लाल झाले. तळमजला, दुसरं टोक. कप्तानांची खोली.

मग एकेक बाहेर आलं. थंडी सुरू होण्याआधी कप्तानांच्या खोलीतलं यंत्र जळालं होतं. नवीन यंत्र आणि नवीन पॅनल बसवलं, आणि सगळं पहिल्यापासून भरत बसायला नको म्हणून माझ्या खोलीची मांडणी त्यात जशीच्या तशी उतरवली. नंबरासकट. तो बदलायचा राहिला. म्हणजे कप्तानांची मूळ खोली संगणकाच्या लेखी नाहीशीच झाली, आणि आम्हा दोघांचे हुकूम कधी माझ्या खोलीत जायचे, कधी त्यांच्या.

"मग संगणकाने बोंब मारली नाही?" माझ्या मुलाने विचारलं.

"मारली होती," तंत्रज्ञ म्हणाला. "खोली संपर्कात नाही अशी सूचना येत होती. पण तिथला हीटर चालू होता ना, म्हणून आम्ही ती..."

"गप्प केलीत," मी म्हटलं.

"हो. गप्प केली."

बघूयासाहेब म्हणाले, "बघू या, पुढच्या आठवड्यात..."

"आत्ता," माझा मुलगा म्हणाला. त्याचा असा आवाज मी फार वर्षांनी ऐकला.

कप्तान इतका वेळ कंबरेवर हात ठेवून उभे होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे बाई, अख्खा हिवाळा तुम्ही मला भाजत होतात?"

"आणि तुम्ही मला गोठवत होतात. काय लावत होतात तुम्ही?"

"सतरा."

"सतरा! माणूस आहात की मासळी?"

"ताजी मासळी असेल तर सतरा जास्तच झाले," ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही असे हसलो की वायरमन घाबरला. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. त्यांचंही नाव तिसऱ्या मजल्यासाठी गेलं होतं, सूनबाई. त्यांच्या मुलीनेही संमती दिली होती. विषुववृत्ताचा विनोद मी परत घेतला. सगळ्यांसमोर, जेवणाच्या टेबलावर, जिथे केला होता तिथेच.

नंबर बदलला. संध्याकाळपासून माझ्या खोलीत बावीस आहे. तिसरा मजला दोघांचाही रद्द झाला. पण तेवढ्यावर मी त्यांना सोडणार होते थोडीच! 'रहिवाशाने केले' अशा जेवढ्या नोंदी आमच्या नावावर आहेत, त्या सगळ्यांवर दुरुस्ती लिहायला लावली, आणि बघूयांनी ती भोजनगृहात उभं राहून मोठ्याने वाचली. डॉक्टरांनाही तीच धाडली. रहिवाशाने केले नाही. एवढं वाक्य ऐकायला मी हा सगळा खटाटोप केला.

नंतर मुलगा जिन्याच्या पायरीवर बसला होता. मला बघून म्हणाला, "आई, मला वाटलं..."

"साक्षीदाराला काय वाटलं ते कामकाजात घेत नाहीत," मी म्हटलं. त्याने मान खाली घातली. मग मीच त्याच्या शेजारी बसले. गुडघे कुरकुरले, बसले.

त्याने विचारलं, "हे तिने शोधलं?"

"हो."

"कशी आहे ती?"

मी म्हटलं, "मला काय ठाऊक, आमचा पत्रव्यवहार यंत्रांबद्दल आहे." म्हटलं खरं, आणि मग माझीच मला लाज वाटली. खरंच, एवढी पत्रं झाली. तू माझ्या खोलीचा अंश न् अंश विचारलास आणि मी तुला साधं विचारलं नाही. कशी आहेस गं? मध्यस्थी करत नाहीये. त्याचं तो बघेल, तुझं तू. मी माझ्यापुरतं विचारते आहे.

आणि एक गोष्ट मागच्या पत्रात लिहायची टाळली, ती आता लिहिते. पट्टीच्या दिवशी मुलाने विचारलं तेव्हा मी "नाही" म्हटलं, हे खरं. पण ते दोघं गेल्यावर मी पलंगावर बसून त्या सहीकडे पाहत राहिले. सही माझीच. हात थरथरलेला नाही. मी ती जेवणाआधी केली की नंतर? मला आठवायला लागलं की नंतर केली. म्हणजे खुर्ची ओढलेली आठवली, पेन उघडलेलं आठवलं, भिंत हाताला गार लागलेली आठवली. जे घडलंच नाही ते मला दिसायला लागलं, कारण माझ्या मुलाने प्रेमाने विचारलं होतं. जन्मभर मी दुसऱ्यांचं बोलणं एक शब्द इकडचा तिकडे न करता लिहून घेतलं, आणि स्वतःची साक्ष मला देता येईना. त्या संध्याकाळी मी गुपचूप बॅग भरायला काढली होती. दोन साड्या तीत ठेवल्याही होत्या. म्हणूनच फोन नको म्हणत होते. माझ्या आवाजात तुला ते ऐकू आलं असतं.

मग तुझी पेटी आली.

डॉक्टरांना मी सांगितलंय की स्मरणशक्तीची चाचणी घ्या, दर वर्षी घ्या. कधीतरी मी खरंच विसरेन. वय कोणाला सोडत नाही. तेव्हा जाईन वर तिसऱ्या मजल्यावर, कुरकुर करत जाईन. पण जाईन ती माझ्या स्वतःच्या विसरण्याने. दुसऱ्याच्या हुकुमावर माझं नाव घालून नाही.

पेटी परत पाठवत नाही. न्यायला ये. खोलीत दोन खुर्च्या आहेत, ऊब आहे, आणि कप्तानांना तुला बघायचंय. तुला यायला जमलं नाही तर तसं लिही. लिहायलाही जमलं नाही, तर एवढं तरी लक्षात असू दे : तू कुठूनही हाक मारलीस तर उत्तर एकाच ठिकाणाहून येईल.

मी आहे.

तुझी,
आई